ठेंगणीचं पाणी

गुडघे गेले तेव्हापासून गॅरेजच्या दारात माझी एक खुर्ची आहे. पाठीला उशी आहे, पाय ठेवायला उलटा घातलेला डबा आहे आणि बडबडायला तोंड आहे. कामाला हात मात्र लावायचा नाही, असं घरातल्या दोघींनी, म्हणजे बायकोनं आणि मुलीनं, मिळून ठरवलंय. ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं.

गॅरेज आता मुलगी चालवते. मी तिला ठकू म्हणतो. चौतीस वर्षांची झाली तरी माझ्या लेखी ती ठकूच. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आणि तीन वर्षं एकटीच्या बळावर तिनं हे काम केलंय. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगते. तरी जुनी गिऱ्हाइकं आली की गाडीखालून बाहेर आलेल्या तिच्या पायांकडे बघतात आणि विचारतात, "मिस्त्री कुठायत?" खालून आवाज येतो, "बोला, ऐकतेय." मग गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं, खुर्चीत बसलेला मी दिसतो आणि त्याच्या जिवात जीव येतो. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मला त्याचं बरं वाटायचं.

तर ठेंगणीची गोष्ट सांगतो. ठेंगणी म्हणजे आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स कार. दोनच माणसं बसतात, तीही जवळजवळ आडवी होऊन. उंची माझ्या कमरेएवढी, म्हणून ठेंगणी. डॉक्टरांनी ती ऐन तारुण्यात घेतली. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत, दवाखाना कधीच बंद केलाय, पण गाडी सोडवत नाही. या गाडीचं इंजिन माणसांच्या पाठीमागे आणि रेडिएटर थेट पुढे, नाकात. मधे पोटाखालून दोन लांबलचक नळ्या. पाणी मागून पुढे जातं, गार होतं आणि पुन्हा मागे येतं. एवढ्या लांबच्या फेरीत कुठंही हवेचा बुडबुडा अडकला की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन तापतं. त्यामुळं जुनं पाणी काढून नवं भरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. अठ्ठावीस वर्षं ते मी केलं. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. सगळ्यांनी समोरच्या डोंगराचा चढ चढून जायचं. सातव्या वळणावर ठेंगणीनं सगळ्यांदेखत वाफ सोडली. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी रस्त्याच्या कडेला छत्री उघडून बसले आणि बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. "रेडिएटर म्हातारा झालाय," मी डॉक्टरांना सांगितलं. तेव्हापासून ते गाडी सपाटीलाच चालवतात.

यंदा पुन्हा मेळावा आला. डॉक्टर गाडी घेऊन आले आणि ठकूच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, या वेळी तुम्ही स्वतः हात लावा."

"ठकू करेल," मी म्हटलं.

"ती करेल हो. पण नजर तुमची असू द्या. शनिवारी सकाळी मी चढावर नेऊन बघणार. तापली, तर मात्र मला दुसरं गॅरेज बघावं लागेल. राग मानू नका."

राग मानू नका म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण प्रश्न रागाचा नव्हताच. आमची जुनी गिऱ्हाइकं डॉक्टरांकडे बघून वागतात. ठेंगणी दुसरीकडे गेली, तर महिन्याभरात बाकीचेही मागोमाग गेले असते आणि "पोरीला जमलं नाही" हा शिक्का ठकूच्या कपाळी कायमचा बसला असता. गॅरेज तिचं राहणार की नाही, हे त्या चढावर ठरणार होतं. ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

ठकू गाडीखाली गेली आणि तिनं पहिलीच गोष्ट केली ती मी वीस वर्षं टाळलेली. इंजिनाच्या पोटाशी पाणी सोडायचा एक बोल्ट असतो. तो गंजून बसला होता. तुटला तर इंजिन उतरवावं लागेल, या भीतीनं मी त्याला कधी छेडलं नव्हतं. पुढच्या बाजूनं पाणी सोडायचो, मागून नवं भरायचो आणि विषय मिटवायचो.

"त्याला हात लावू नकोस," मी खुर्चीतून ओरडलो.

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

"हे कारण झालं नाही, बाबा."

तीन दिवस ती त्या बोल्टला सकाळ-संध्याकाळ तेल पाजत होती. चौथ्या दिवशी आजूबाजूला थोडी धग दिली, पाना लावला आणि इतक्या सावकाश जोर दिला, की मला तिचा खांदा हललेलाही दिसला नाही. बोल्ट निघाला. आधी काहीच बाहेर आलं नाही. मग तिनं तारेनं भोक मोकळं केलं आणि चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ भसकन खालच्या परातीत पडला. सातव्या वळणावरची वाफ कुठून आली होती ते माझ्या डोळ्यांसमोर परातीत साचत होतं. रेडिएटर बिचारा उगीच बदनाम झाला होता.

ठकूनं नळी लावली आणि उलट्या दिशेनं पाणी सोडलं, म्हणजे जिथून ते एरवी बाहेर येतं तिथून आत. आतल्या हीटरचा कॉकही उघडला, नाहीतर त्याच्या पोटातला गाळ तसाच राहतो. दर फेरीला बाहेर आलेलं थोडं पाणी ती आईच्या काचेच्या ग्लासात धरायची आणि खिडकीत मांडून ठेवायची. सात ग्लास झाले. पहिला विटेच्या रंगाचा, दुसरा जरा फिका, असं करत करत सातव्या ग्लासातून पलीकडचं झाड दिसायला लागलं. दुपारच्या उन्हात ती रांग बघताना माझी छाती फुगली. अठ्ठावीस वर्षांत ही अक्कल मला सुचली नव्हती.

"ते ग्लास आता घरात घेणार नाही मी," बायको आतून म्हणाली. "आणि माझं दुधाचं पातेलं कुठंय?"

दुधाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट उकळत होता. पाणी ठरावीक गरम झालं की तो उघडतो आणि पाण्याला पुढं जायची वाट देतो. नवा असला तरी ठकूनं त्याला पातेल्यात सोडून, थर्मामीटर धरून, नेमका कधी उघडतो ते बघितलं. नव्यावरही विश्वास ठेवायचा नाही, हे माझंच शिक्षण. तिथं मला पातेल्याची बाजू घेता येईना.

सगळे रबरी पाइप बदलले, क्लिपा नव्या लावल्या. मग आली हवा काढायची वेळ. ही माझी खासियत. आमच्या गॅरेजसमोर उतार आहे. मी ठेंगणीला तिथं नाक वर करून उभी करायचो. मागे इंजिनाशेजारी पाणी भरायची टाकी आहे, तिच्या तोंडात एक उंच नरसाळं बसवायचो, गाडीच्या नाकाहूनही वर जाईल एवढं, आणि त्यात पाणी भरून ठेवायचो. मग रेडिएटरच्या डोक्यावरचा पितळी स्क्रू सैल करायचा. नरसाळ्यातलं पाणी मागून रेटतं, हवा पुढून बुडबुड करत निघते. दिवस जायचा एकेकदा. पण मी तिथं बसून बुडबुडे मोजायचो आणि लोक मला बघायला थांबायचे.

ठकूनं काय केलं? एक पंप आणला. त्यानं आतली सगळी हवा शोषून घेतली, पाइप चेपून चपटे झाले, आणि मग कॉक फिरवल्याबरोबर हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं औषधी पाणी, आपोआप आत ओढलं गेलं. अर्धा तास! हात पुसून मोकळी.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"एकही बुडबुडा आला नाही."

"हवाच नाही आत, तर बुडबुडा कुठून येणार?"

बुडबुडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला ते पटणार नव्हतं. ठकू मात्र पिवळ्या रंगाची छोटी बाटली आणि ब्रश घेऊन प्रत्येक स्क्रूवर, क्लिपवर, बोल्टवर रेघ ओढत फिरली. अर्धी रेघ स्क्रूवर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. स्क्रू जराही फिरला की रेघ तुटते. आवळलं की रेघ ओढायची आणि ज्यानं आवळलं त्यानंच ओढायची, हा या गॅरेजचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. नियम माझा.

शनिवारी सकाळी ठकूनं गाडी बाहेर काढली आणि रस्त्याकडे तोंड करून उतारावर लावली. म्हणजे नाक वर. अगदी मी लावायचो तशी. मग ती हातपाय धुवायला आत गेली.

मी खुर्चीतून गाडीकडे बघत होतो. रात्रभर गार झालेलं इंजिन. नाक वर. वरच्या खिशात माझा जुना स्क्रूड्रायव्हर, तो असतोच. मनात आलं, एकदा बघायला काय हरकत आहे? नुसता सैल करायचा. पाणी आलं, तर पोरीचं काम चोख. माझीही खात्री पटेल आणि डॉक्टरांना छातीठोक सांगता येईल. मी उठलो, पुढचं झाकण उचललं आणि पितळी स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

पाणी आलं नाही. सूंऽऽ असा बारीक आवाज आला. आत जाणारा.

अठ्ठावीस वर्षं ज्या स्क्रूपाशी बसलो, त्याचा आवाज मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मागची टाकी खाली, नाक वर आणि नरसाळं लावलेलंच नाही. मागून रेटायला कोणी नसल्यावर पाणी मागे घसरणार आणि त्याच्या जागी बाहेरची हवा आत शिरणार. नवशिक्यालाही मी हीच पहिली गोष्ट सांगितली असती. घाईघाईनं स्क्रू आवळला. पिवळी रेघ तुटली होती. ती जुळेपर्यंत मी स्क्रू पुढेमागे केला, आणि चष्म्याशिवाय मला ती जुळल्यासारखी वाटली. झाकण लावलं. खुर्चीत येऊन बसलो.

ठकू बाहेर आली. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही मी, पण त्यातून "चहा झाला का?" एवढंच निघालं. चाळीस वर्षं नावाजलेला मिस्त्री, आणि पोरीनं स्वच्छ केलेल्या गाडीत हवा घुसवून बसलेला. कुठल्या तोंडानं सांगू? तेवढ्यात डॉक्टरही आले, टोपीबिपी घालून.

"काय मिस्त्री, बघितलंत ना नीट?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मानेलाच ठाऊक.

डॉक्टर किल्लीसाठी हात पुढं करणार, तेवढ्यात ठकू म्हणाली, "दोन मिनिटं." खिशातला टॉर्च काढून ती गाडीभोवती फिरायला लागली. एकेक रेघ बघत. मागच्या क्लिपा, टाकी, पोटाखालचा बोल्ट. शेवटी पुढचं झाकण उचललं आणि वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशातून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता. तो मी उलटा ठेवला होता आणि त्याच्या टोकाला पिवळा टवका चिकटला होता.

ती डॉक्टरांकडे वळली. "अर्धा तास लागेल, डॉक्टर. एक काम राहिलंय माझं. पुढं थोडी हवा आहे, ती काढते."

माझं राहिलंय, म्हणाली. मला पाठीशी घातलं तिनं, आणि तेही इतक्या सहज, की शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागला नाही.

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते माझ्याजवळ आले आणि खाली वाकून म्हणाले, "मला हीच भीती होती. मिस्त्री, तुम्हीच करा ना. मी थांबतो, हवं तर संध्याकाळपर्यंत."

तीन वर्षं त्या खुर्चीत बसून मी मनातल्या मनात हेच वाक्य ऐकत होतो. ते आता खरोखर कानावर आलं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी उशी फेकून उभा राहिलो. गुडघ्यांनी आवाज केला.

"डॉक्टर, तिचं काही राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "सकाळी तो स्क्रू मी उघडला. नरसाळं न लावता. हवा मी घुसवली."

"तुम्ही?"

"मीच. आणि आता बोलतोच आहे, तर सगळं ऐका. तीन वर्षांपूर्वी रेडिएटरला काही झालं नव्हतं. ती मी शेंडी लावली तुम्हाला. इंजिनाच्या पोटात गाळ होता, कारण खालचा बोल्ट मी वीस वर्षं उघडलाच नाही. भीती वाटायची. तो हिनं उघडला. ते बघा खिडकीत."

डॉक्टर खिडकीपाशी गेले. त्यांनी चष्मा वर सरकवला, सातही ग्लास एकेक करून निरखले आणि सातव्यातून बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. हयात डोळे तपासण्यात गेलेली, त्यांना समजवायला आणखी काही लागलं नाही.

"आणि हिला कळलं कसं?" त्यांनी वळून विचारलं.

"रेघेवरून," ठकू म्हणाली. "केसभर सरकलीय. बाबा, तुमचं बोलून झालं असेल तर नरसाळं आणा. गाडी तुमच्याच उतारावर उभी आहे, तुमच्याच पद्धतीनं काढू."

नरसाळं मी माळ्यावर असेल समजत होतो. ते तिच्या हत्यारांच्या कपाटात, धुऊन पुसून, फडक्यात गुंडाळलेलं होतं. मी मागे स्टुलावर बसून ते टाकीवर धरलं, तिनं वरून कूलंट ओतलं आणि पुढं जाऊन स्क्रू सैल केला. आधी एक मोठा बुडबुडा, मग दोन लहान, मग बारीक हिरवी धार. तिनं स्क्रू आवळला आणि रंगाचा ब्रश माझ्यापुढं धरला.

"घ्या. ओढा रेघ."

"ज्यानं आवळलं त्यानं ओढायची," मी म्हटलं. "नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा. गप ओढ."

तिनं ओढली. मग इंजिन चालू ठेवून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत आम्ही तिघंही तापमानाच्या काट्याकडे बघत बसलो. काटा मधोमध येऊन थांबला. डॉक्टर गाडीत बसले, शेजारी ठकू.

आमच्या दारातून अख्खा चढ दिसतो. मी कठड्याला धरून उभा राहिलो. लाल ठिपका पहिलं वळण वळला, दुसरं, चौथं, सहावं. सातव्या वळणावर थांबला.

वाफ दिसतेय का बघायला मी डोळे ताणले, पण एवढ्या लांबून काय दिसणार? बायको बाहेर येऊन शेजारी उभी राहिली. "थांबलीय," मी म्हणालो. "दिसतंय," ती म्हणाली, आणि तिनं माझा दंड धरला. चांगली पाच मिनिटं गेली. मग ठिपका हलला, वर गेला, माथ्यावरच्या खडकाआड गेला.

परत आले तेव्हा डॉक्टरांची टोपी उलटी झाली होती आणि ते विशीतल्या पोरासारखे हसत होते. सातव्या वळणावर ठकूनंच गाडी थांबवायला लावली होती. गेल्या वेळी जिथं वाफ आली तिथंच उतरवून तिनं त्यांना झाकण उचलून दाखवलं, सगळ्या रेघा दाखवल्या आणि मग म्हणाली, चला. "काटा केसभरही हलला नाही," डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, बहुतेक गाडीलाच.

मी खुर्चीत बसलो होतो. डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभे राहिले, किल्ली बोटावर फिरवत.

"मिस्त्री, आता पुढचं पाणी कधी बदलायचं?"

"दोन वर्षांनी," मी सवयीनं म्हणालो.

पण डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हते. ते ठकूकडे वळून विचारत होते. ठकूही क्षणभर गोंधळली. हात फडक्याला पुसत पुसत म्हणाली, "तीन वर्षांनी, डॉक्टर. हे नवीन कूलंट आहे. बाबांचा हिशोब जुना."

"बरं, मिस्त्री. तीन तर तीन," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले. माझा निरोप घ्यायचा राहिला, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. एरवी कोणी असं केलं असतं तर मी आठवडाभर धुमसलो असतो. त्या सकाळी मला इतका अभिमान वाटला, की तो कुठं ठेवावा कळेना. डोळे भरून आले, तर मी चष्मा पुसायचं निमित्त केलं, आणि चष्मा तर घरात होता.

मी आत हाक मारली, "अगं, मिस्त्रींसाठी चहा टाक!"

"आत्ताच तर प्यायलात," आतून आवाज आला.

"मला नव्हे," मी म्हणालो.